डाव्या पंखातली पेन्सिल

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि ऑरिन स्लेटन डाव्या पंखाच्या तिसऱ्या झाकणाचे स्क्रू काढत होता. चार स्क्रू होते. तीन सहज सुटले. चौथ्यावर त्याने तेलाचे दोन थेंब सोडले आणि तो वाट बघत उभा राहिला. हँगरच्या कोपऱ्यातला हीटर तासभर धडधडत होता, तरी फरशीचा गारठा बुटांच्या तळव्यातून वर चढत होता. बाहेर उणे एकवीस. फेब्रुवारीतल्या अशा सोमवारी कर्कलुंडच्या धावपट्टीवर कुणी उतरत नाही आणि कुणी उडत नाही. नॉर्थ डाकोटातल्या या गावात हिवाळ्यात माणसं विमानं उडवत नाहीत, दुरुस्त करतात.

पंख विमानापासून वेगळा करून, गालिच्याचे तुकडे गुंडाळलेल्या दोन लाकडी घोड्यांवर उताणा ठेवला होता. त्याच्या पोटाला अकरा गोल झाकणं. हात मनगटाच्या वरपर्यंत आत जाईल, एवढीच भोकं. आत डोकावून तपासायची सोय. त्यातली दहा ऑरिनने महिन्याभरापूर्वीच उघडून, तपासून, भिंतीवरच्या यादीत खूण करून टाकली होती. तिसऱ्याच्या पुढे खूण नव्हती. विमान त्याच्या हँगरमध्ये येऊन पाच महिने झाले होते.

चौथा स्क्रू सुटला. ऑरिनने दांड्याचा छोटा आरसा आत घातला, दुसऱ्या हाताने बॅटरी तिरकी धरली आणि पंखाच्या मुख्य तुळईवर उजेड टाकला. ही तुळई म्हणजे पंखाचा कणा. विमान हवेत असतं तेव्हा सगळा भार तिच्यावर असतो.

अक्षरं होती तिथेच होती. फक्त ती आता काळी नव्हती, पांढरी होती.

ऑरिनच्या हँगरचा एक नियम सगळ्या परगण्याला ठाऊक आहे. दाराच्या चौकटीला कॉफीचा एक रिकामा डबा ठोकलेला आहे. आत येणाऱ्याने खिशातली, कानावरची, टोपीतली पेन्सिल त्या डब्यात टाकायची आणि मग आत यायचं. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं. पेन्सिलीची रेघ त्याच्यावर ओढली आणि तिला ओल मिळाली, की शिसं धातूला खायला लागतं. हळू खातं. वर्षानुवर्षं खातं. रेघ जिथून गेली असेल, तिथूनच पत्रा कुजतो. म्हणून या धंद्यातली माणसं पत्र्यावर फक्त शाईच्या मार्करने खुणा करतात. शेतकरी, कीटकनाशक फवारणारे वैमानिक, एकदा तर गावचे पाद्रीसुद्धा पेन्सिल डब्यात टाकून आत आलेले आहेत.

तो डबा ठोकला आर्डिसने. ऑरिनची बायको. आणि तुळईवरची अक्षरं तिची होती.

ऑरिन बीटच्या शेतावर वाढला. सैन्यात हेलिकॉप्टरं दुरुस्त करायला शिकला, परत आला, परवाना मिळवला आणि या हँगरमध्ये उभा राहिला. आर्डिस धान्याच्या कोठीवर काट्याची कारकून होती. सुगीत शेतकऱ्यांचे ट्रक काट्यावर येत, ती वजन वाचून चिठ्ठी फाडून देई. कानावर कायम पेन्सिल. लग्नानंतर ती सुगीपुरती काट्यावर आणि बाकीचं वर्ष हँगरमध्ये असायची, कारण रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेवर चालणारी रिव्हेटची बंदूक चालवतो, दुसरा आतून रिव्हेटच्या टोकाला लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. आर्डिसचे हात लहान होते. जिथे ऑरिनचा पंजा अडकायचा, तिथे तिची अख्खी बाही जायची.

हवेच्या पंपाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करतो. एक टक म्हणजे अजून थोडं मार. दोन म्हणजे झाला. तीन म्हणजे वाईट बसला, काढून टाक. आर्डिस आणि ऑरिनचा अर्धा संसार या तीन टकटकींवर चालला, असं गावात गमतीने म्हणत. जेवणाच्या टेबलावरही ती बटाट्याच्या वाडग्यावर चमच्याने दोन टक करायची. म्हणजे पुरे, आणखी वाढू नकोस.

फेब्रुवारी १९८६. गावचे जनावरांचे डॉक्टर लाइल ब्रेके यांच्या चार माणसांच्या सेस्ना विमानाचा डावा पंख वादळात जमिनीवर घासला होता. तुळईचा तेवढा भाग नवा घालून वरचा पत्रा बसवायचं काम चाललं होतं. त्या दिवशी उणे एकतीस होतं आणि हीटर बंद पडला होता. आर्डिस अर्धी पंखात होती. एक रिव्हेट वाकडा बसला. तिने तीनदा टकटक केलं. ऑरिनला कानांवरच्या पट्ट्यांमुळे ऐकू आलं नाही आणि तो पुढच्या रिव्हेटकडे वळला. तिने मार्कर शोधला. मार्करची शाई गोठली होती. लोकरीच्या टोपीखाली, कानावर, काट्यावरची पेन्सिल राहून गेली होती. डबा ठोकणारी बाई त्या दिवशी डब्यात पेन्सिल टाकायला विसरली होती.

तिने तुळईवर एक बाण काढला आणि लिहिलं: ऑ., हा वाईट आहे. कॉफी प्यायल्याशिवाय मी पुन्हा ठोकळा धरणार नाही. आ.

मग तिने बाहेर येऊन त्याला डोकावून बघायला लावलं. दोघं हसली. कॉफी झाली. वाईट रिव्हेट काढून नवा बसवला. अक्षरं पुसायची राहिली. स्पिरिट आणि फडकं घेतलं तर दोन मिनिटांचं काम होतं.

इथपर्यंत ही चूक कुणाच्याही हातून झाली असती. पुढची ऑरिनची होती.

वर्षातून एकदा प्रत्येक विमानाची झाकणं उघडून तपासणी करावी लागते आणि परवानेदाराने नोंदवहीत सही करावी लागते. १९८७ साली ऑरिनने तिसऱ्या झाकणातून आरसा घातला आणि त्याला ती ओळ दिसली. आरशात उलटी. त्याला वाचायला क्षणभर लागला. फडकं शेजारीच होतं. त्याने ते उचललं नाही. रात्री जेवताना आर्डिसने विचारलं,

"डॉक्टरांचं विमान झालं?"

"झालं."

"आत काय म्हणतेय मी?"

"कॉफी मागतेयस."

"अजून? बिचारी."

दुसऱ्या वर्षीही हेच झालं, तिसऱ्या वर्षीही. मग तो दोघांचा वार्षिक रिवाजच झाला. अकरा तपासण्या, अकरा सह्या. प्रत्येक वेळी तो त्या जागी बोट फिरवून बघायचा आणि पत्रा गुळगुळीत लागायचा. १९९८ साली डॉक्टरांची नजर अधू झाली आणि विमान माँटानातल्या कुणाला तरी विकलं गेलं. त्या माणसाने ते दोन उन्हाळे उडवलं आणि कोठारात उभं केलं. कोठाराचं छप्पर गळत होतं.

आर्डिस चार वर्षांपूर्वी गेली. ऑक्टोबरात दुखणं कळलं, डिसेंबरात संपलं. घरात तिचं अक्षर बरंच आहे. लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळीच्या, पिठाचं प्रमाण, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, चर्चच्या जेवणाच्या याद्या. पण ते कुणासाठीही लिहिलेलं आहे. लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत दोघं आठ दिवसांसाठीही एकमेकांपासून लांब राहिली नाहीत, त्यामुळे पत्रं नाहीत. आर्डिसने ऑरिनला लिहिलेलं असं जगात एकच वाक्य होतं आणि ते माँटानात एका कोठारात होतं.

मागच्या सप्टेंबरात मार्लिस एक्रे ते विमान ट्रेलरवर घालून घेऊन आली. पंख सुटे करून बाजूला बांधलेले, इंजिनात उंदरांची घरटी, गादीवर कबुतरांची घाण. मार्लिस एकसष्ट वर्षांची. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली, चोपन्नाव्या वर्षी विमानाचा परवाना काढला आणि नवऱ्यामागे शेत विकल्यावर स्वतःचं विमान शोधत होती. ऑरिनने वर्षभरापूर्वीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की पंखांची कामं आता घेणार नाही, हात थकले. त्याने ट्रेलरला एक चक्कर मारली, डाव्या पंखाच्या टोकाचं जुनं ठिगळ बघितलं आणि म्हणाला,

"ठेव इथे. पंख मी बघतो."

मार्लिसला वाटलं, आपली पिवळ्या रंगाची कल्पना त्याला आवडली. ती विमानाला शाळेच्या बसचा पिवळा देणार होती.

पाच महिन्यांत बरंच झालं. जुन्या इंजिनाच्या जागी जास्त ताकदीचं आलं. गोल काट्यांची घड्याळं काढून दोन संगणकी पडदे बसवले, खांद्यावरून येणारे पट्टे लावले, जुनी तारांची जाळी काढून नवी ओढली. रिव्हेट मारायचे तेव्हा ठोकळा मार्लिस धरायची. खालची एक पट्टी सोडली तर शेपटी झाली, अंग झालं, उजव्या पंखाची झाकणं वरवर बघून झाली. तपासायचं राहिलं फक्त हे एक झाकण. ऑरिन रोज म्हणायचा, उद्या.

आता झाकण उघडं होतं. ऑरिनने आरसा खाली ठेवला, टोकाला सुई असलेली मापनी घेतली आणि हात आत घातला. अक्षरांच्या रेघांवर पत्रा फुगला होता, पापुद्रे सुटले होते, सुई लावली की पीठ पडत होतं. इंचाच्या हजाराव्या भागाला या धंद्यात थाऊ म्हणतात. चाळीस थाऊ जाडीच्या या पत्र्यात चार थाऊपर्यंत झीज चालते. तेवढी असेल तर घासून, रंग देऊन सही करता येते. ऑरिनने पाच ठिकाणी मोजलं. सगळ्यात कमी नऊ. सगळ्यात जास्त पंधरा. आणि शेवटच्या अक्षराच्या शेपटीतून केसाएवढी एक भेग निघाली होती, रिव्हेटच्या भोकाकडे चाललेली.

आठ वाजता गेलन होवे आला. धावपट्टीवरचा बर्फ काढणं, पेट्रोलचा पंप सांभाळणं आणि सगळ्यांच्या कामात तोंड घालणं ही त्याची नोकरी. त्याने सवयीने पेन्सिल डब्यात टाकली.

"काय रे म्हाताऱ्या, थंडीत एकटाच पंखाशी काय गुलुगुलु बोलतोयस?"

"गंज आहे."

"किती?"

"पंधरा."

गेलनने शीळ घातली. "कुठे, तुळईला? उफ्फ दा, बापरे." तो वाकून भोकात डोकावला. आरशाशिवाय त्याला काही दिसलं नाही. "घास, रंग मार आणि झाक. ते विमान वीस वर्षं कोठारात पडून मोडलं नाही, आता काय मोडतंय."

"कोठारात उडत नव्हतं ते."

"बाईने सतरा मेचं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. नॉर्वेच्या राष्ट्रदिनाची पॅनकेकची न्याहारी, आणि ती वरून येणार. माझ्या बहिणीने तर तिच्यासाठी पिवळा केक करायचं ठरवलंय. तुळई उघडलीस तर सतरा मे विसर."

"माहीत आहे."

"तिसऱ्या झाकणात कोण बघतं, ऑरिन? तूच ना?"

"मीच."

"मग झालं तर," गेलन म्हणाला आणि कॉफी ओतून घ्यायला गेला.

तो म्हणाला ते खरं होतं, आणि ऑरिन पहाटेपासून तेच चाचपत होता. झाकण लावलं, यादीत खूण केली, की ती अक्षरं तिथेच राहणार. पुढच्या वर्षी तपासणी त्यालाच करायची होती. तो आरसा घालेल आणि ती ओळ तिथे असेल. भेग किती पुढे जाते ते बघता येईल. दरवर्षी बघता येईल. घासलं तर ओळ जाणार. कापलं तर ओळ जाणार. फक्त खोटी सही केली तर राहणार. आणि त्या पंखाखाली मार्लिस बसणार.

त्याने झाकण दोन स्क्रूंवर अडकवलं. यादीत खूण केली नाही.

मार्लिस नऊला आली. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात गरम भांडं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. टेटर टॉट हॉटडिश, खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेलं. तिच्या मते पुरुष एकटा राहायला लागला की तोंडाला येईल ते खातो, म्हणून सोमवार-गुरुवार ती त्याला जेवण आणायची.

"तिसरं उघडलंस वाटतं," ती कोट काढता काढता म्हणाली. "स्क्रू बाकावर आहेत."

"अर्धं उघडलं."

"झाकण अर्धं कसं उघडतं?"

"आधी शेपटीच्या खालची पट्टी मारून घेऊ. पंप तापलाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षं आरशातून पोरांचे चेहरे बघितलेल्या बाईचं बघणं ते. मग ती ठोकळा घेऊन शेपटीच्या आत सरकली.

दहा रिव्हेट नीट गेले. ऑरिन बंदूक टेकवायचा, घोडा दाबायचा आणि आतून दोन टक यायचे. अकराव्याला तीन टक आले. ऑरिनने पंप बंद केला, बॅटरी घेतली, वाकून बघितलं.

"चांगला आहे हा."

"मला नाही आवडला."

"माप लावून बघ. मापात आहे."

"असेल मापात. बसला तेव्हा ठोकळा माझ्या हातात हलला. तो कसा बसलाय ते तुला बाहेरून काय कळणार? मी आत होते." थोडं थांबून आतून तिचा आवाज आला. "मी वाईट म्हटलं की तो वाईट. असंच शिकवलंयस ना मला?"

असं शिकवलं होतं आर्डिसने, ऑरिनला. त्याने गुपचूप गिरमिट घेतलं आणि रिव्हेट काढला. नवा बसवला. दोन टक.

मग त्याने बंदूक बाकावर ठेवली.

"बाहेर ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

त्याने दोन्ही स्क्रू काढले आणि आरसा तिच्या हातात दिला. बॅटरी स्वतः धरली. मार्लिस बराच वेळ बघत राहिली. आरशात उलटं लिहिलेलं ती एकेक अक्षर जुळवत वाचत होती. कोपऱ्यात गेलनने कॉफीचा कप खाली ठेवला.

"कॉफी," ती म्हणाली. "कॉफी प्यायल्याशिवाय." मग, "आर्डिस?"

"हो."

"कधीचं?"

"शहाऐंशी."

"आणि नंतर दरवर्षी हे झाकण कोण उघडत होतं?"

"मी. सत्त्याण्णवपर्यंत."

"म्हणजे तू बघत होतास."

"अकरा वेळा."

"आणि सही करत होतास."

मार्लिसने आरसा फडक्यावर ठेवला, कोणतीही वस्तू ठेवतात तसा, आवाज न करता.

"तीस वर्षं मी रोज पहाटे बसभोवती फेरी मारली," ती म्हणाली. "टायर, दिवे, मागचं दार. बर्फ असो, काही असो. एकदा नाही मारली. उशीर झाला होता. काही झालं नाही. एकोणतीस पोरं होती बसमध्ये, सगळी घरी पोचली. अजून ते माझ्या स्वप्नात येतं. काही झालं नाही तेच येतं."

"तेव्हा काही झालं नाही. बोटाला गुळगुळीत लागायचं."

"लागणारच. तुला तसंच लागायला हवं होतं."

गेलन म्हणाला, "मार्लिस, तो बिचारा..."

"गेलन, तू पंपावर जा. कुणाला तरी पेट्रोल हवं असेल."

"उणे एकवीसमध्ये?"

"जा."

गेलन गेला. जाताना त्याने डब्यातली पेन्सिलही घेतली नाही.

मार्लिसने थर्मासमधून दोन कप भरले. एक त्याच्यापुढे सरकवला. दोघं उभ्यानेच प्यायली.

"पाच महिने, ऑरिन."

"मला आधी बघायचं होतं. मग बघायची भीती वाटायला लागली."

"उडून गेले असते मी. सतरा मेला. वरून सगळ्यांना हात हलवत."

"झाकण लावून टाकायचं असं दीड तास माझ्या डोक्यात होतं," तो म्हणाला. "हेही तुला माहीत असू दे."

तिने कप रिकामा केला. मग म्हणाली, "वरचा पत्रा उघडायला किती दिवस?"

"तीन."

"आणि उजवा?"

"त्या हिवाळ्यात आम्ही उजवाही उघडून बघितला होता. आता मी माझ्याच सहीवर विश्वास ठेवू शकत नाही. उजवाही पुरता उघडायचा. तुझा सतरा मे गेला."

"पिकअपने येईन पॅनकेक खायला. नेहमीच तशी येते." तिने हातमोजे चढवले. "गिरमिट कुठलं घेऊ?"

मंगळवार आणि बुधवार रिव्हेट काढण्यात गेले. डोकं गिरमिटाने उडवायचं, देठ ठोकून आत पाडायचा, पडलेले देठ लोहचुंबकाला चिकटत नाहीत म्हणून एकेक करून चिमट्याने वेचायचे. याच रांगेत बत्तीस वर्षांपूर्वी आर्डिसने ठोकळा धरला होता. गुरुवारी दहाच्या सुमारास पत्रा उचलला गेला आणि तुळई उघडी पडली.

ऑरिनने ती ओळ पहिल्या दिवशी सरळ बघितली होती, कॉफीच्या आधी, हसता हसता. त्यानंतर कायम आरशातच. आता ती समोर सरळ होती आणि त्याला क्षणभर दुसऱ्या कुणाचं अक्षर वाटलं. मग 'क'चा वळसा ओळखू आला. तो किती वेळ उभा होता ते मार्लिसने बघितलं नाही. ती बाकाकडे तोंड करून रिव्हेट आकारांप्रमाणे निवडत होती. ते सगळे एकाच आकाराचे होते.

त्याने मार्करने चौकट आखली. भेगेच्या टोकापुढे चांगला इंचभर जागा सोडली. कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी कोपऱ्यातून नवी भेग फुटते. छोट्या करवतीने कापायला वीस मिनिटं लागली. तळहाताहून थोडा मोठा तुकडा हातात आला. तो हलवला तसं त्याच्यावरून पांढरं पीठ झडलं आणि 'वाईट' या शब्दाचा मधला भाग गेला.

दुपारी त्याने विमानाची नोंदवही उघडली. ऑरिन नोंदी मोजक्या शब्दांत करतो. काय काढलं, काय घातलं, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानाप्रमाणे. त्या दिवशीच्या नोंदीत दोन ओळी जास्त होत्या. गंजाचं कारण, पेन्सिलीचं लिखाण, फेब्रुवारी १९८६, याच कारखान्यात. सदर लिखाण खाली सही करणाऱ्यास १९८७पासून माहीत होतं. मग सही आणि परवान्याचा क्रमांक. वही विमानाबरोबर जन्मभर राहते. तपासणीचा अधिकार देणाऱ्या कार्यालयात कुणी ती वाचली, तर ते विचारतील. विचारलं, तर अधिकार जाईल. एकाहत्तराव्या वर्षी तो परत मिळत नाही.

मार्लिसने ती नोंद दोनदा वाचली.

"एवढं लिहायलाच हवं होतं?"

"पुढे कुणी हा पंख उघडला तर त्याला कळायला हवं, इथे नवा पत्रा का आहे."

"बरं." तिने वही मिटली. "तो तुकडा घरी नेशील ना?"

हँगरच्या मागच्या भिंतीशी भंगाराचं पिंप आहे आणि त्याच्या शेजारी पायाने दाबायची पत्रा कापायची मोठी कात्री. बाद झालेला कुठलाही भाग दोन तुकडे केल्याशिवाय त्या पिंपात पडत नाही. एकोणऐंशी साली एका शेतकऱ्याने पिंपातली तडकलेली पट्टी उचलून नेली, स्वतःच्या विमानाला लावली आणि तो बीटच्या शेतात उतरला. गळ्याजवळचं एक हाड मोडण्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी आर्डिसने ती कात्री ओढत पिंपापाशी आणली. तेव्हापासून त्या हँगरमधून बाद झालेला एकही भाग अखंड बाहेर गेलेला नाही.

"बाद झालाय तो," ऑरिन म्हणाला.

"माझ्या विमानाचा आहे. मी म्हणते ठेव. कोण लावणार आहे तो कुठे?"

"पट्टीच्या वेळीही हेच म्हटलं होतं मी."

"ऑरिन. ती हो म्हणाली असती."

तो विचारात पडला. खरोखर पडला, हे त्याच्याकडे बघून कळत होतं.

"नसती म्हणाली," तो म्हणाला. "चिडवलं असतं. पण हो नसती म्हणाली."

मार्लिस कप धुवायला नळाकडे गेली आणि पाणी मोठं सोडलं. ऑरिनने तुकडा कात्रीत सरकवला, वाचला, नीट सरळ केला आणि पाय दाबला. पातं बाणाच्या मधून गेलं. दोन्ही तुकडे पिंपात पडले, इतर पत्र्यांवर, फार आवाज न होता. कात्रीच्या पाटावर पांढरं पीठ सांडलं होतं. त्याने स्पिरिट आणि फडकं घेऊन ते पुसलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग त्याने भिंतीवरच्या यादीवर डाव्या पंखाच्या तिसऱ्या झाकणापुढे मार्करने खूण केली आणि खाली उजव्या पंखाची नवी यादी चिकटवली.

"उद्या किती वाजता?" मार्लिसने कोट घालताना विचारलं.

"सात."

"जेवण नाही आणणार. उद्या शुक्रवार आहे."

"हॉटडिश उरलंय."

उद्या शुक्रवार, महिन्यातला तिसरा. सव्वाआठला भंगाराची गाडी येते आणि पिंप रिकामं करून जाते. मार्लिस सातला येईल, ऑरिन साडेसहाला. उजव्या पंखालाही अकरा झाकणं आहेत. सुरुवात तिसऱ्यापासून.